राजाचे निशाण आणि लोकांचे निशाण

वर्षातून चार वेळा आपल्या गावात तिरंगा चढतो. २६ जानेवारीला चढतो. १ मेला चढतो. १५ ऑगस्टला चढतो. आणि १७ सप्टेंबरला चढतो. पुण्याकडे, कोकणात किंवा नागपूरकडे विचाराल, तर तिकडची माणसे तीनच दिवस सांगतील. हा चौथा दिवस आपल्या मराठवाड्याचा आहे.

हा चौथा दिवस आपल्याकडेच का? याचे उत्तर झेंड्याच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट आज आपण वाचू. पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकींत वाचावा. घाई नाही.

निशाण म्हणजे खूण

झेंड्याला आपण निशाणही म्हणतो. निशाण म्हणजे खूण. आपण गुरांना खूण करतो, पोत्यावर खूण करतो. का? तर हे कुणाचे आहे ते लांबून कळावे म्हणून.

झेंड्याचेही तसेच. वारीला निघालेल्या दिंडीच्या खांद्यावर भगवी पताका असते. ती दिसली की विठोबाची माणसे चालली हे कळते. दर्ग्यावर हिरवे निशाण असते. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यासमोर उंच निशाणसाहेब उभा आहे. तो पाहिला की परमुलखातून आलेल्या शीख यात्रेकरूचा शीण निघून जातो.

ही झाली देवाधर्माची निशाणे. राज्याचेही निशाण असते. राज्याचे निशाण एकच गोष्ट सांगते : या मुलखाचा मालक कोण. म्हणून निशाण बदलले म्हणजे नुसते कापड बदलत नाही. मालक बदलतो. आपल्या मुलखात हे घडले आहे. ते कसे, हे आता पाहू.

हळदीच्या रंगाचा झेंडा

आपले अर्धापूर, नांदेड आणि सगळा मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. संस्थान म्हणजे राजाच्या ताब्यातला मुलूख. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात अशी पाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांत हैदराबाद फार मोठे. त्यात सोळा जिल्हे होते. १९४१ च्या शिरगणतीत तिथली वस्ती एक कोट साठ लाखांवर होती. कुणी तेलुगू बोलत, कुणी मराठी, कुणी कानडी. दरबाराची भाषा उर्दू. पैसाही वेगळा होता. जुनी माणसे ‘हाली’ रुपया म्हणत, तो हाच. इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत.

या संस्थानाच्या राजाला निजाम म्हणत. घराण्याचे नाव असफजाही. हे राज्य १७२४ साली सुरू झाले. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान. ते १९११ साली गादीवर आले.

निजामाचा झेंडा पिवळा होता. आपल्याकडची हळद दळल्यावर कसा रंग दिसतो, तसा पिवळा समजा. मधोमध एक पांढरा गोल होता. हा गोल म्हणजे काय? चंद्र? नाही. सूर्य? नाही. तो होता कुलचा. कुलचा म्हणजे एक प्रकारची गोल रोटी.

राजाच्या झेंड्यावर रोटी कशी आली? याची एक कथा सांगतात. पहिला निजाम दक्षिणेत राज्य करायला निघाला. त्या वेळी तो एका सूफी साधूच्या भेटीला गेला. साधूने त्याला पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे खायला दिले. निजामाने सात खाल्ले. साधू म्हणाला, “तुझ्या सात पिढ्या राज्य करतील.” म्हणून झेंड्याला पिवळे फडके आले आणि त्यावर कुलचा आला.

कथा खरी की खोटी, हा वाद आपण करू नये. लोक ती सांगत आले, एवढे खरे. गंमत अशी, की निजाम म्हणून मोजतात ते राजे सातच झाले.

पुढे या झेंड्याला वर आणि खाली हिरवी पट्टी आली. वरच्या पट्टीवर ‘मोठेपण सगळे ईश्वराचे’ या अर्थाची अक्षरे होती. खालच्या पट्टीवर उस्मान या राजाच्या नावाचा पुकारा होता.

आता नीट विचार करा. झेंड्यावर ईश्वराचे नाव होते. राजाचे नाव होते. राजाच्या पूर्वजाची रोटी होती. नांगर धरणाऱ्याची खूण त्यावर होती का? सूत कातणाऱ्या बाईची होती का? नव्हती. त्यात नवल नाही. राज्य राजाचे, म्हणून निशाणही राजाचे. तो झेंडा कुणा एका धर्माचा होता असे समजू नये. गरीब मुसलमानही त्या झेंड्याखाली रयतच होता. आपल्यासारखाच सारा भरत होता.

तिरंगा कसा घडला

आता दुसऱ्या झेंड्याकडे वळू. हा झेंडा कुठल्या राजाने दिला नाही. तो लोकांच्या चळवळीत घडत गेला. त्याला बरीच वर्षे लागली.

१९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक होती. पिंगळी वेंकय्या नावाच्या आंध्रातल्या गृहस्थांनी गांधीजींना एक झेंडा दाखवला. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींनी सुचवले, की त्यात पांढरा रंग घाला आणि चरखा घाला. चरखा का? कारण गरिबातल्या गरिबाला चरखा चालवून दोन पैसे मिळवता येत. विलायती कापडापुढे तेच आपले हत्यार होते.

या झेंड्यासाठी लोकांनी तुरुंग भोगला. १९२३ साली नागपूरला इंग्रज सरकारने झेंड्याची मिरवणूक अडवली. मग लोकांनी सत्याग्रह केला. रोज नवी तुकडी झेंडा घेऊन निघायची आणि रोज पकडली जायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेले. वल्लभभाई पटेल पुढे आले. यालाच झेंडा सत्याग्रह म्हणतात.

१९३१ साली रंग पक्के झाले. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर चरखा. त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट सांगितली गेली. हे रंग जातीचे नाहीत, धर्माचे नाहीत. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग. पांढरा म्हणजे सत्य आणि शांती. हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य.

मग स्वातंत्र्य जवळ आले. २२ जुलै १९४७ या दिवशी घटना समितीने झेंड्याचा ठराव केला. ठराव पंडित जवाहरलाल नेहरूंनी मांडला. रंग तेच राहिले. चरख्याच्या जागी चक्र आले. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याचे चाक एका टोकाला आणि चाती दुसऱ्या टोकाला असते. मागून पाहिले तर तो उलटा दिसतो. चक्र मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते.

हे चक्र सम्राट अशोकाचे. काशीजवळ सारनाथ येथे अशोकाच्या खांबाचा माथा सापडला. त्यावर ते कोरलेले आहे. त्याला चोवीस आरे आहेत. चक्र धर्माचे, म्हणजे नीतीने वागण्याचे. चाक फिरते तोवर गाडी चालते. चाक थांबले की गाडी थांबली. माणसाचे आणि देशाचेही तसेच.

डॉ. राधाकृष्णन यांनी घटना समितीत रंगांचा आणखी एक अर्थ उलगडला. हिरवा रंग मातीशी आपले नाते सांगतो. जमिनीतून जे उगवते त्यावरच सगळे जीव जगतात. शेतकऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पाऊस दोन नक्षत्रे लांबला की तो आपोआप समजतो.

निजामाच्या झेंड्यावर राजाचे नाव होते. तिरंग्यावर कुणाचेच नाव नाही. फरक इथे आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट उशिरा आला

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. दिल्लीला तिरंगा चढला. मुंबईला चढला. सोलापूरला चढला. नांदेडला? लातूरला? नाही. इथे पिवळा झेंडाच राहिला. निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला होता.

संस्थानात लोकांची चळवळ आधीपासून होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली बंदी आली होती. पुढे या चळवळीचे पुढारीपण स्वामी रामानंद तीर्थांकडे आले. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ते शिक्षक होते. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला त्यांनी शाळा चालवल्या. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

स्टेट काँग्रेसने ठरवले, की आपणही तिरंगा लावायचा. राजाच्या मुलखात दुसरे निशाण लावणे हा मोठा गुन्हा. तरी ज्यांची छाती झाली त्यांनी लावला. कुणी पहाटे लावला, कुणी भर दिवसा लावला. पुष्कळांना पकडून नेले. स्वामीजींनाही १५ ऑगस्टलाच अटक झाली. देश ज्या दिवशी सुटला, त्याच दिवशी आपला पुढारी कैदेत गेला.

पुढचे वर्ष फार वाईट गेले. रझाकार नावाची हत्यारबंद फौज गावोगाव फिरू लागली. तिचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. लूट, जाळपोळ, खून झाले. पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून हद्दीपलीकडे गेली. “रझाकाराच्या टायमाला आम्ही रानात झोपत होतो,” असे सांगणारे म्हातारे आम्ही लहान असताना घरोघरी होते.

रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. हैदराबादचे शोएबुल्ला खान हे ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक. हैदराबादने भारतात यावे, असे त्यांनी उघड लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारले. हे नाव आपण विसरू नये.

सतरा सप्टेंबर

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताचे सैन्य चारी बाजूंनी संस्थानात शिरले. आपली माणसे त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. पाच दिवसांत काम झाले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. इतर ठिकाणी स्वातंत्र्य आले त्याला तेरा महिने आणि दोन दिवस झाले होते.

म्हणून आपल्याकडे चौथा दिवस आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी गावात तिरंगा चढतो, तो उशिरा मिळालेल्या १५ ऑगस्टची आठवण म्हणून.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कडू आहे, पण खरी आहे. शरणागतीनंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत निरपराध मुसलमानांना मारले, लुटले. रझाकारांचा राग शेजाऱ्यावर काढला. झेंड्यातल्या पांढऱ्या पट्टीला हे शोभणारे नव्हते. झेंडा चढवणे एका दिवसाचे काम असते. त्याच्या रंगांप्रमाणे वागणे रोजचे काम असते.

पुढे १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठी मुलूख मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वर्गात कधी कधी कुणी विचारते, “गुरुजी, मग महाराष्ट्राचा झेंडा कोणता? भगवाच ना?” भगवा हे शिवाजी महाराजांचे निशाण. त्याचा मान मोठा आहे. पण महाराष्ट्र राज्याला कायद्याने ठरवलेला वेगळा झेंडा नाही. जम्मू-काश्मीरला असा वेगळा झेंडा होता, तोही २०१९ साली गेला. सगळ्या राज्यांचा झेंडा एकच, तिरंगा.

झेंड्याचे कापड कुठून येते?

आता जवळची गोष्ट. झेंडा दिल्लीला चढतो. पण त्याचे कापड कुठे विणले जाते, ठाऊक आहे? आपल्या उदगीरला. आणि तो शिवला जातो नांदेडला.

नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. तिच्या उदगीरच्या केंद्रात झेंड्याची खादी विणतात. सूत हातचरख्यावर कातलेले असते आणि कापड हातमागावर विणलेले असते. रंगवून आल्यावर ते नांदेडला कापतात, शिवतात, त्यावर चक्र उमटवतात. इथून ते झेंडे अनेक राज्यांत जातात. असे काम कर्नाटकात हुबळीलाही चालते. देशात अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

हे काम सोपे नाही. आपल्या देशात मालाची प्रत ठरवणारे सरकारी खाते आहे. साखर, सिमेंट, विजेची तार, सगळ्यांचे नियम ते ठरवते. त्या नियमांना नंबर असतात. त्यातला एक नंबरचा नियम कशाचा आहे? झेंड्याचा. सूत किती जाड, रंग किती गडद, शिलाई कशी, सगळे त्यात लिहिले आहे. झेंडा तीन हात लांब असेल तर दोन हात रुंद पाहिजे. मापे नऊ आहेत. सगळ्यात लहान झेंडा वीतभरही नसतो. तो टेबलावर ठेवतात. सगळ्यात मोठा सहा मीटरहून लांब असतो. चक्र दोन्ही बाजूंना अगदी एकावर एक आले पाहिजे. केसभर सरकले तरी झेंडा बाद.

पूर्वी झेंडा खादीचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ ला हा नियम बदलला. आता यंत्रावर विणलेल्या कापडाचा आणि पॉलिस्टरचाही झेंडा चालतो. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली. झेंडे पुष्कळ खपले. घरोघरी झेंडा पोचला, ही चांगली गोष्ट झाली. पॉलिस्टरचा झेंडा स्वस्त पडतो, हेही खरे. पण खादी संस्थांनी तक्रार केली, की आमची मागणी घटली. हुबळीच्या लोकांनी त्यासाठी आंदोलनही केले.

कातणाऱ्या बाईचे पोट त्या सुतावर असते. गांधीजींनी झेंड्यावर चरखा घातला, तो तिच्यासाठीच. चरख्याचे चित्र १९४७ ला गेले, पण चरखा कापडात राहिला होता. आता तो कापडातूनही जायचा की राहायचा, हे घेणाऱ्यांवर आहे. आम्ही एवढेच म्हणू : ज्याला घरासाठी स्वस्त झेंडा परवडतो, त्याने तो खुशाल लावावा. त्याचा मान कमी नाही. पण शाळा आणि ग्रामपंचायत वर्षाला एक झेंडा घेते. तो खादीचा घ्यावा. नांदेड आपल्याला लांब नाही.

आता झेंडा आपल्या हाती

पूर्वी सामान्य माणसाला वर्षातल्या ठराविक दिवशीच घरावर तिरंगा लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून कुठल्याही दिवशी लावता येतो. २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. ज्या मुलखात तिरंगा लावला म्हणून माणसे तुरुंगात गेली, त्याच मुलखात आज आपण आपल्या छपरावर तो लावतो. तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. केशरी रंग वर. बांधताना एकदा नीट पाहावे. दोरी ओढल्यावर पाहून उपयोग नाही.

२. झेंडा झपझप चढवावा आणि सावकाश उतरवावा.

३. फाटका, मळका, चुरगळलेला झेंडा लावू नये.

४. झेंडा जमिनीला किंवा पाण्याला लागू देऊ नये. त्यावर काही लिहू नये. त्याने काही झाकू नये, पुसू नये.

५. तिरंग्याच्या वर किंवा त्याच दोरीवर दुसरा झेंडा लावू नये.

६. झेंडा जुना झाला तर उकिरड्यावर टाकू नये. एका बाजूला नेऊन, मान राखून, तो पूर्ण जाळावा. कागदी झेंडेही मुलांना रस्त्यावर टाकू देऊ नयेत.

जाणूनबुजून झेंड्याचा अपमान केला तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेच्या भीतीने मान राखणे ही राजाच्या झेंड्याची रीत झाली. हा झेंडा आपला आहे. आपल्या वस्तूला माणूस जपतोच.

आणखी एक. खादीच्या प्रमाणित झेंड्याला दोरीच्या बाजूने जाड पांढरी पट्टी असते. त्यावर बनवणाऱ्या संस्थेचे नाव आणि माप छापलेले असते. मागच्या वर्षीपर्यंत ती अक्षरे आपल्यातल्या कित्येकांना नुसत्या रेघा होत्या. आता तसे नाही. येत्या १७ सप्टेंबरला झेंडा बांधण्याआधी तो हातात घ्या आणि पट्टीवरचे वाचा. तो कुठे बनला ते मोठ्याने सर्वांना सांगा. नांदेडचा निघाला तर तेही सांगा.

अवघड शब्द

निशाण – खूण, झेंडा.
संस्थान – राजाच्या ताब्यातला मुलूख.
रयत – राजाच्या मुलखातली प्रजा.
घटना समिती – देशाचा मुख्य कायदा बनवणारी लोकांच्या प्रतिनिधींची सभा.
शरणागती – हार मानणे.
प्रमाणित – तपासून पास केलेले.

चर्चेसाठी प्रश्न

१. मराठवाड्यात वर्षातून चार वेळा झेंडा का लावतात?

२. निजामाच्या झेंड्यावर काय होते? तिरंग्यावर काय आहे? दोन्हींत मुख्य फरक कोणता?

३. चरख्याच्या जागी चक्र का आले?

४. तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला १९४८ सालाबद्दल विचारा. त्याला वडिलांकडून काय ऐकायला मिळाले? ते चार ओळींत लिहून आणा.

५. गावच्या शाळेसाठी झेंडा खादीचा घ्यावा की पॉलिस्टरचा? दोन्ही बाजू मांडा आणि मग ठरवा.